जरा लवकर पाठवा

एक होतं बाजाराचं गाव. डोंगराच्या पायथ्याहून सकाळी बैलगाडी निघाली तर दिवस मावळायच्या आत पोचेल, एवढ्या अंतरावर. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव कळलं की "हे काही आपलं गाव नव्हे" म्हणून लोक निवांत ऐकतात, आणि मला तुम्हाला निवांत ऐकू द्यायचं नाहीये.

तर या गावात कौतिकाबाईचं दुकान होतं. वेलदोडे, जायफळ, खसखस, बेदाणे, असा गोडाधोडाला लागणारा सगळा माल तिथं मिळायचा. पण दुकानाचं खरं नाव होतं ते चारोळीसाठी. बासुंदी असो, श्रीखंड असो, नाहीतर लग्नातली बर्फी असो, वर चारोळी हवीच. आणि चारोळी हवी म्हणजे कौतिकाबाईकडे जायचं, हे ठरलेलं.

कौतिकाबाईला एक खोड होती. ती सारखी आभार मानायची. गिऱ्हाइकानं माल घेतला तर आभार, नुसता भाव विचारून गेला तरी "आलात, बरं वाटलं." सकाळी दुकान उघडलं की आधी तराजूला हात जोडणार. उंदीर धरणाऱ्या मांजरीला दुधाबरोबर दोन गोड शब्द. लोक चेष्टा करायचे, "कौतिकाबाई, आज वाऱ्याचे आभार राहिले की हो तुमचे." त्यावर ती म्हणायची, "बरी आठवण केलीत," आणि वाऱ्याचेही मानून टाकायची. पण ते दाखवण्यासाठी नव्हतं हं. नवरा गेला तेव्हा तिच्यामागे कुणी उभं राहिलं नव्हतं. या दुकानानं तिला हात दिला होता आणि ते ती विसरली नव्हती.

आता त्या बाजारात एक रीत होती. चैत्रात ज्या दुकानात नवी चारोळी सगळ्यांत आधी येईल, त्या दुकानाला तोरण बांधायचं, समोर हलगी वाजवायची. त्याला म्हणत मानाचं दुकान. मग वर्षभर सगळे हलवाई, सगळी लग्नघरं तिथूनच माल उचलणार. हा मान कितीतरी वर्षं कौतिकाबाईकडेच होता. त्यासाठी ती फार काही करत नसे. होळी झाली की मोठ्या व्यापाऱ्याला एक निरोप धाडायची, "यंदाही जरा लवकर पाठवा." एवढंच. निरोपात ना धाक, ना भांडण. गोड बोलून सांगितलेली गोष्ट.

एका चैत्रात असाच मान मिळाला. तोरण लागलं, हलगी वाजली, पेढे वाटून झाले. संध्याकाळी कौतिकाबाई चारोळीच्या पोत्याशी टेकून बसली होती. पोत्यावरून हात फिरवता फिरवता तिच्या मनात आलं, 'अगं बाई, मी जगाचे आभार मानते आणि ज्याच्यावर माझी चूल पेटते त्या चारोळीचे आभार कधी मानलेच नाहीत. मानायचे तरी कुणाचे?'

दुसऱ्या दिवशी तिनं चारोळीची बर्फी केली, मोठा डबा भरला आणि निघाली मोठ्या व्यापाऱ्याकडे.

"शेठ, तुमच्यामुळे माझं दुकान चालतं. ही घ्या बर्फी."

व्यापाऱ्यानं बर्फी घेतली, आणखी एक घेतली आणि मग म्हणाला, "वहिनी, माझे कसले आभार मानता? माझ्या वखारीत काय चारोळी उगवते? गाडीवान आणून टाकतो, मी पुढं धाडतो."

"मग गाडीवानाला भेटते," कौतिकाबाई म्हणाली.

गाडीवान बैलांना पेंड घालत होता. त्यानंही बर्फी खाल्ली आणि हात झटकले. "मी फक्त गाडी हाकतो, मावशी. डोंगराखाली आठवडी बाजार भरतो ना, तिथल्या ढिगातून पोती भरून आणतो. उद्या जायचंच आहे. बसा गाडीत."

कौतिकाबाईनं दुकानाला कुलूप घातलं आणि बसली गाडीत. ऐन हंगामात दुकान बंद म्हटल्यावर बाजारातल्या लोकांनी कपाळाला हात लावला. समोरचा दुकानदार, ज्याला तो मान आयुष्यात एकदाही मिळाला नव्हता, तो तर दारात उभा राहून मिशीत हसला.

आठवडी बाजारात एका वडाखाली चारोळीचा ढीग होता. डोंगरातल्या सगळ्या पाड्यांवरून बाया टोपल्या घेऊन यायच्या. काटेवाला प्रत्येकीची टोपली तोलायचा आणि त्याच ढिगात उपडी करायचा.

"यातली कुणाची चारोळी माझ्याकडे येते हो?" कौतिकाबाईनं विचारलं.

काटेवाल्याला हसू आवरेना. "बाई, एकदा ढिगात पडली की कुणाची कुठली हे देवालाही सांगता यायचं नाही. आणि हवंय कशाला तुम्हाला?"

तिथंच टोपली रिकामी करून एक बाई निघाली होती. कौतिकाबाईनं तिलाच थांबवलं. तिचं नाव सोमारी. डोंगरावरच्या पाड्यात राहायची, मुलंबाळं, सासू, दोन शेळ्या, आणि पोट सगळं चारोळीवर. शहरी लुगड्यातली बाई आपल्याकडे येतेय म्हटल्यावर तिनं आधीच टोपली छातीशी धरली.

"काय झालं? माल खराब निघाला का?"

"नाही गं. चांगला निघाला. म्हणून तर आले. घे, तुझ्या चारोळीची बर्फी."

सोमारीला काही कळेना. मालाबद्दल बोलायला आजवर जो आला तो तक्रार घेऊनच आला होता. तिनं एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाली, "आमची चारोळी अशी लागते होय?"

तिनं जन्मभर चारोळी गोळा केली होती, बिया जात्यावर भरडून, पाखडून विकली होती. गोडात घातलेली चारोळी तिच्या जिभेला कधी लागलीच नव्हती. कौतिकाबाईला त्याची फार लाज वाटली. तिनं डबाच सोमारीच्या हातात दिला. "पोरांना ने. तुझे आभार मानायला आलेय मी."

सोमारीला आता चेष्टा सुचली. "माझे कशाला मानता, बाई? मी का फळ धरते? झाडाचे माना."

"बरी आठवण केलीस," कौतिकाबाई म्हणाली. "चल, दाखव झाड."

सोमारीची चेष्टा तोंडातच राहिली. तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि चढायला लागली. कौतिकाबाई धापा टाकत मागे.

डोंगराच्या अर्ध्यावर आल्यावर कौतिकाबाई थांबली. समोर उतारभर खुंट होते. काही जुने, काळे पडलेले. काही ताजे, अजून ओले. आडव्या पडलेल्या फांद्यांची पानं वाळली होती आणि शेंड्याला हिरवी, न पिकलेली फळं तशीच सुकून चिकटली होती.

"कुणी केलं हे?" तिनं विचारलं.

"हे समोरचं मी," सोमारी म्हणाली. "पलीकडची बाकीच्यांनी."

कौतिकाबाईला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. सोमारी खाली बसली आणि बोलायला लागली. आता तिचा आवाज चढला होता, कारण ही गोष्ट तिलाही आवडत नव्हती.

"आमच्यात असं नव्हतं, बाई. फळ काळं झाल्याबिगर कुणी हात लावायचं नाही. पाखरं आधी खाणार, मग आम्ही. पिकलं की फांदी हलवली तरी खाली पडतं. पण आता बाजारातून निरोप येतो. चैत्रातच माल हवा. कच्चं फळ हलवून पडत नाही. एकेक तोडायचं तर फांदी बारीक, माणसाचा भार सोसत नाही, दिवस जातो आणि मूठभर मिळतं. झाडच पाडलं की बसून तोडता येतं. आणि मी नाही पाडलं तर खालच्या पाड्यातले पाडतात. झाडं काय माझ्या एकटीची आहेत? मग मी का मागं राहू?"

"निरोप कसला येतो?"

"तोच दरवर्षीचा. काटेवाला सांगतो, त्याला गाडीवान सांगतो. जरा लवकर पाठवा म्हणून."

 कौतिकाबाई जवळच्याच एका खुंटावर बसणार होती, पण बसली नाही, उभीच राहिली. आपले ते गोड शब्द. कुणाला न दुखवता, हसून सांगितलेले. ते वखारीतून, गाडीतून, वडाखालून वर चढत आले होते आणि इथं पोचेपर्यंत त्यांची कुऱ्हाड झाली होती.

"आता किती झाडं उरलीत?"

सोमारीनं वरच्या अंगाला बोट दाखवलं. कड्याखाली एक पट्टा तेवढा हिरवा दिसत होता. "तेवढीच. पुढच्या साली ती जातील. मग आम्हीबी जाऊ. खाली कुठंतरी विटा उचलायला. दुसरं काय?"

हे तिनं रडून सांगितलं नाही. उद्या बाजार आहे म्हणावं तसं सांगितलं. कौतिकाबाईला त्याचंच जास्त लागलं. ती तिरीमिरीत म्हणाली, "मी आजपासून या डोंगराची चारोळी घेणार नाही. बस्स झालं."

सोमारी मग म्हणाली, "वा. म्हणजे तुमचे हात धुऊन झाले. तुम्ही नाही घेतली तर दुसरा कुणी घेईल. झाडं पडायची ती पडतीलच. आमची चूल तेवढी तुमच्या नावानं विझेल."

कौतिकाबाईला राग आला नाही असं नाही, आला. पण पोरीचं म्हणणं खोटं कुठं होतं? निघून जाणं सोपं होतं. निघून गेल्यावर आपल्याला खुंट दिसणार नव्हते एवढंच. ती सोमारीबरोबर वर पाड्यात गेली आणि तिथंच मुक्कामाला राहिली. सोमारीच्या सासूनं तिला पातळ आंबील दिली, ती प्याली, आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर पाड्यातल्या सगळ्यांना म्हणाली, "तो निरोप माझा होता. चूक माझी आहे. आता दुसरा निरोप ऐका. मला घाई नाही. फळ काळं होऊ द्या, पाखरांना खाऊ द्या, मग पाठवा. उभ्या झाडाची, पिकलेली चारोळी मी घेईन. उशिरा आली म्हणून कमी भाव देणार नाही, उलट चढाच देईन. पण पाडलेल्या झाडाचा एक दाणा घेणार नाही."

"ढिगात गेल्यावर तुम्हाला काय कळणार कुणाची कुठली?" कुणीतरी मागून विचारलं.

"म्हणून ढिगात घालायची नाही. प्रत्येक पाड्याची पिशवी वेगळी. तोंडाला तुमच्या पाड्याच्या रंगाचा दोरा, तुमच्या हातची गाठ."

"आणि खालच्या पाड्यानं पाडली झाडं तर?"

यावर सगळ्यांनी सोमारीकडे पाहिलं. खालच्या पाड्यात तिची नणंद दिली होती आणि एका शेळीवरून दोघींचं बोलणं बंद होतं. सोमारीनं आधी तोंड वाकडं केलं. मग कड्याखालच्या हिरव्या पट्ट्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि म्हणाली, "जाते. शेळी तिचीच होती, असं म्हणून टाकते. त्यात काय मोठं?"

परतीच्या वाटेवर कौतिकाबाईनं सगळ्यांना गाठलं. काटेवाला कुरकुरला, "ढीग सोपा पडतो, बाई. पिशव्या कोण सांभाळणार?" कौतिकाबाई म्हणाली, "तुम्हीच. म्हणून तर तुमच्याकडे आले. तुमच्या नजरेतून गाठ सुटणार नाही." आजवर त्याला कुणी नजरेचं सर्टिफिकेट दिलं नव्हतं, तो विरघळला. गाडीवानाची काही हरकत नव्हती, त्याला ओझं तेवढंच. अडून बसला तो व्यापारी.

"वहिनी, मी कितीतरी दुकानांना माल देतो. त्यांना लवकर हवा असतो. तुमचा मान जाईल बरं का."

"जाऊ दे. मला तेवढा गाठीचाच माल द्या."

"तुमची मर्जी," व्यापारी म्हणाला. बाई आज ना उद्या शुद्धीवर येईल अशी त्याची खात्री होती.

वर्ष फिरलं. होळी झाली. कौतिकाबाईनं निरोप धाडला नाही. चैत्र लागला आणि समोरच्या दुकानापुढं हलगी वाजली. तोरण त्याच्या दाराला लागलं. त्यानं मुद्दाम जरा मोठं बांधलं होतं, ते सोडा. कौतिकाबाईनं जाऊन त्याचं अभिनंदन केलं आणि परत येऊन आपल्या रिकाम्या डब्यापाशी बसली. चारोळीच्या डब्यात तळाला काही नव्हतं.

गिऱ्हाइकं येत, विचारत. "चारोळी?"

"अजून पिकली नाही."

"समोर आहे की."

"हो, आहे."

आणि गिऱ्हाईक समोर जाई. एकदा गेलेलं गिऱ्हाईक वेलदोडेही तिकडूनच घेई. दुकानात मांजर आणि कौतिकाबाई, दोघीच उरल्या. तिला झोप लागेना. वाटायचं, सोमारी थांबली असेल कशावरून? घरात खायला नसेल तर माझ्या शब्दावर ती किती दिवस काढणार? मी तरी काढले असते का?

अशात एका दुपारी तिचा सगळ्यांत जुना हलवाई आला. मोठं लग्नघर होतं, बासुंदीची ऑर्डर त्याच्याकडे होती. "काकू, तुमच्याशिवाय मी कधी कुणाकडून घेतली नाही. उद्या पाहिजे. काहीतरी करा." आणि त्याच वेळी, जणू बोलावल्यासारखा, व्यापारी पोतं घेऊन दारात उभा राहिला. पोत्यात चारोळी होती. तोंडाला गाठ नव्हती.

व्यापाऱ्यानं तिला बाजूला घेतलं आणि समजुतीच्या स्वरात म्हणाला, "वहिनी, पोतं घ्या. गाठच हवी ना? दोरा तुमच्या दुकानात आहे. पिशव्या भरा, गाठी मारा. कोण डोंगरावर बघायला जातंय? नाव तुमचं राहील, गिऱ्हाईक राहील, आणि झाडाचं पुण्यही लागेल."

खोटं कशाला सांगू, कौतिकाबाईनं दोऱ्याचं रीळ उचललं. हातात घेतलं. दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं. दुकान वाचवायचं होतं. ज्या दुकानानं तिला वाचवलं ते दुकान. हलवाई आशेनं बघत होता. एक गाठ, दुसरं काय?

मग तिला आठवलं, सोमारी नणंदेच्या दारात गेली असेल तेव्हा कशी गेली असेल. भांडणातली शेळी सोडून देणं डोंगरावर लहान गोष्ट नसते. तिनं माझ्या शब्दावर ती सोडली. आणि मी इथं सावलीत बसून तिच्या हातची गाठ मारणार?

तिनं रीळ खाली ठेवलं.

"शेठ, पोतं घेऊन जा. ही गाठ माझी नाही, मला ती मारता येत नाही." मग हलवायाकडे वळून म्हणाली, "तुझी बासुंदी अडायला नको. समोर चारोळी आहे, तिथून घे. मी सांगतेय म्हणून घे, त्यात वाईट वाटून घेऊ नकोस."

हलवाई आ वासून बघत राहिला. दुकानदार गिऱ्हाइकाला हात धरून समोरच्या दुकानात पाठवतो, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. पण गेला बिचारा. त्याचाही इलाज नव्हता.

वैशाख संपत आला, आणि एका सकाळी घुंगरांचा आवाज करत गाडी दुकानापुढं थांबली. गाडीवानाच्या शेजारी काटेवाला बसला होता, स्वतः. "म्हटलं, पिशव्या माझ्या जबाबदारीच्या, मीच पोचवतो," तो रुबाबात म्हणाला. गाडीत पिशव्याच पिशव्या. वरच्या पाड्याचा लाल दोरा, खालच्या पाड्याचा हिरवा, आणि कधी नाव न ऐकलेल्या तिसऱ्या एका पाड्याचा पिवळा. तिसरे म्हणे आपणहून आले होते. या तिन्ही पाड्यांत एकाही झाडाला कुऱ्हाड लागली नव्हती.

कौतिकाबाईनं पहिली पिशवी उघडली. टपोरे, भरलेले दाणे. तिनं एक तोंडात टाकला आणि तिचे डोळे भरून आले. चव चांगली होती म्हणून नव्हे. ते थांबले होते म्हणून.

हलवाई धावत आला. समोरची चैत्रातली चारोळी कोवळी होती, दाणे आक्रसले होते आणि एव्हाना त्यांना खवट वास यायला लागला होता. "काकू, यात काय जादू आहे?" त्यानं विचारलं. तिनं त्याला बसवलं आणि खुंटापासून गाठीपर्यंत सगळं सांगितलं. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगितलं. मग तिसऱ्याला. थोड्याच दिवसांत बाजारात लोक कुठल्याही दुकानात गेले की विचारायला लागले, "ही कुठल्या पाड्याची? झाड उभं आहे का?" दुकानदारांना उत्तर देता येईना.

एक दिवस समोरचा दुकानदार आला. तोऱ्यात आला होता, पण उंबऱ्यापाशी तोरा गळाला. "वहिनी, देवाशपथ, मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही मागं पडलात."

"मला तरी कुठं माहीत होतं?" कौतिकाबाई म्हणाली. "बसा. उद्या गाडीत तुम्हीही चला. पाडे दाखवते, माणसं ओळखीची करून देते."

तिथं व्यापारीही होता. तो तिच्या कानाशी लागला, "अहो, स्वतःची वाट कुणी दुसऱ्याला दाखवतं का?"

कौतिकाबाई मोठ्यानंच म्हणाली, "माझ्या पिशवीची झाडं राहिली आणि यांच्या पोत्याची पडली, तर डोंगर बोडकाच होणार की. पाखरं काय दुकान बघून बसतात?"

मग सगळ्या दुकानदारांनी मिळून ठरवलं. यापुढं हलगी एका दारात वाजायची नाही. पाड्यांवरून "पिकलं" असा सांगावा आला की त्या दिवशी सगळ्या दारांना तोरण. व्यापारीही आला वळणावर. सगळीच दुकानं गाठ मागायला लागल्यावर तो बिनगाठीचं पोतं विकणार कुणाला?

दोन-चार वर्षं अशी बरी गेली, आणि मग एका माघात डोंगरावर गारा पडल्या. ऐन मोहोरात. चैत्र गेला, वैशाख गेला, सांगावा येईना. शेवटी सोमारीच आली, नणंदेला घेऊन. सोमारी या गावच्या बाजारात पहिल्यांदाच उतरली होती. तिच्या हातात पिशवी नव्हती. सगळे दुकानदार गोळा झाले.

सोमारी म्हणाली, "यंदा झाडावर काही नाही. शेंड्याला थोडं आहे, पाखरांपुरतं. झाडं पाडली तर पोतं-दोन पोती निघतील. घरात धान्य नाही, म्हणून विचारायला आले. तुम्ही सांगाल तसं."

 कौतिकाबाईनं मुद्दाम तोंड उघडलं नाही. बाकीचे काय म्हणतात ते तिला बघायचं होतं.

आणि बोलला कोण, तर समोरचा दुकानदार. "यंदा राहू दे," तो म्हणाला. "पाखरांना खाऊ दे."

"आणि माझी बासुंदी?" हलवाई चटकन म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं डोकं खाजवलं. "बरं, दूध जरा जास्त आटवतो."

मग कुणी ज्वारीचं पोतं आणलं, कुणी तांदूळ, कुणी डाळ, कुणी गूळ. व्यापाऱ्यानं वखार उघडली, आणि कुणी सांगायच्या आत उघडली, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. जी गाडी आजवर डोंगराकडे रिकामी जायची ती पहिल्यांदा भरून निघाली.

गाडीत चढताना सोमारी थांबली. कौतिकाबाईला म्हणाली, "बाई, सांगते आता. घरी गाठोडी बांधून ठेवलीत आम्ही. तुम्ही 'पाडा' म्हणाला असता तर पाडून, विकून, लगेच वीटभट्टीवर निघणार होतो. डोंगर सोडणार होतो."

"आणि आता?"

"आता जाऊन सोडते गाठोडी. मी निघाले तेव्हा सासू त्यांच्यावरच बसली होती, कुणाला उचलू देईना." आणि ती हसली. हसता हसता रडली. कौतिकाबाईनं तिला जवळ घेतलं, आणि भर बाजारात दोघी रडल्या. कुणी चेष्टा केली नाही.

त्या वर्षी गावातल्या सगळ्या लग्नांत चारोळीशिवाय बासुंदी झाली. पाहुणे विचारायचे, "अहो, वर चारोळी नाही?" आणि गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं, "यंदा झाडं विसाव्याला आहेत." बासुंदी कशी झाली होती म्हणाल, तर छान झाली होती. मी दोन वाट्या खाल्ल्या.

तात्पर्य म्हणून गाठीला बांधायचंच असेल तर एवढं बांधा: आपल्या ताटात जे येतं त्याचे उपकार नुसत्या तोंडी आभारांनी फिटत नाहीत. ते जिथून आलं तिथवर जावं, आपल्या घाईनं तिथं काय मोडतंय ते आपल्या डोळ्यांनी बघावं, आणि मग तिथून पाठ न फिरवता, सगळ्यांना बरोबर घेऊन, थांबायला शिकावं.